नोव्हेंबरात ग्रेट लेक्स? थंडीचं नंतर, आधी झोपेचं बोलू

तुझा प्रश्न मला असा समजला. थर्ड ऑफिसर म्हणून पहिलंच जॉइनिंग आहे, हँडीसाइझ बल्क कॅरियर (सुटा माल नेणारं लहान-मध्यम आकाराचं जहाज), अँटवर्पला चढायचं. स्टील भरून सेंट लॉरेन्स सीवेमार्गे, म्हणजे अटलांटिकमधून अमेरिका-कॅनडातल्या ग्रेट लेक्स सरोवरांत नेणाऱ्या नदी-कालव्यांच्या वाटेने, क्लीव्हलंड आणि बर्न्स हार्बर, तिथून थंडर बेला गहू भरून परत. ऑक्टोबरअखेर निघणार, म्हणजे अख्खा नोव्हेंबर आतच जाणार. कपडे कोणते न्यावेत हे तू चार ओळींत विचारलंयस आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीयस: "लेक्सला गेलं की झोप विसरायची असं सिनियर म्हणतात, तर कंपनीला नाही म्हणू का?"

खरा प्रश्न तोच शेवटचा आहे. कपड्यांचं उत्तर चार ओळींत संपेल, ते सगळ्यात शेवटी देतो. या मार्गावर मी आधी चीफ ऑफिसर म्हणून आणि पुढे मास्टर म्हणून गेलोय. थंडीने आजारी पडलेला ऑफिसर क्वचित पाहिला, पण झोप न मिळाल्यामुळे चुकीच्या बाजूला पाऊल टाकणारे, दोर कुठल्या बिटावर (बांधायच्या खुंटावर) आहे ते विसरणारे, उभ्या उभ्या डुलकी घेणारे पुष्कळ पाहिले. "लेक्सला आम्ही तीन-तीन दिवस झोपत नव्हतो" असं छाती फुगवून सांगणाऱ्या सिनियरचं कौतुक करू नकोस. जहाजावर नियोजन नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता हे किती जड जाईल ते कशावर अवलंबून आहे, ते आधी सांगतो. कंपनीने या फेरीसाठी एक जादा ऑफिसर आणि एक-दोन जादा खलाशी दिलेत का, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे बंदरं किती, आणि ती कुठल्या सरोवरावर. तिसरी म्हणजे कॅप्टन वॉच (कामाच्या पाळ्या) कसे लावतो. हवामान चौथं. या चारांपैकी तुझ्या हातात काहीच नाही, पण पहिल्याची चौकशी जॉइन होण्याआधी करता येते, आणि ती करायलाच हवी.

काम नेमकं किती ते कळायला मार्ग डोळ्यांसमोर आण. लेक सुपीरियरची पातळी समुद्रापासून सुमारे १८३ मीटर उंच. तेवढं चढायला मॉन्ट्रियल ते लेक ओंटारिओ सात लॉक (पाणी भरून जहाज वर उचलणारे दारांचे हौद) लागतात: सेंट लॅम्बर्ट, कोट-सेंट-कॅथरिन, बोहार्नुआचे खालचा-वरचा असे दोन, मग अमेरिकेच्या हद्दीतले स्नेल आणि आयझेनहॉवर, शेवटी इरोक्वॉय. पुढे नायगारा धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा, त्यात आठ लॉक, ४३ किलोमीटरमध्ये जवळजवळ १०० मीटरची चढण. लेक ईरी आला की क्लीव्हलंड समोरच. बर्न्स हार्बर लेक मिशिगनच्या दक्षिण टोकाला आहे, तिथपर्यंत आणखी लॉक नाही. पण थंडर बे सुपीरियरवर, म्हणून सू सेंट मेरीचा सोळावा लॉक. परतताना हे सगळं उलट. म्हणजे तुझ्या एका फेरीत बत्तीस वेळा जहाज लॉकमध्ये जाणार आणि बाहेर येणार.

साध्या बंदरात 'स्टँडबाय' दीड-दोन तासांचं असतं. सगळे जागेवर उभे राहतात, जहाज बांधलं की झोपायला जातात. इथे मॉन्ट्रियलपासून लेक ओंटारिओला पोचायलाच रांग नसली तरी एक आख्खा दिवस जातो. वेलंडला नऊ ते अकरा तास, पुढे जहाजं अडकली असतील तर कितीही. त्याआधी नदीवरच्या लेझस्कुमँला पायलट (वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) चढल्यापासून क्यूबेक, त्रुआ-रिव्हिएर, मॉन्ट्रियल असे पायलट बदलत येतात आणि प्रत्येक वेळी शिडीवर कोणीतरी ऑफिसर लागतोच. तो कोण, हे तुला माहीत आहे. या सगळ्याला 'ऑल हँड्स' (सगळी माणसं एकदम कामावर) लावलं तर माणसं संपतात. म्हणूनच सुरुवातीला जादा माणसांचं विचारलं.

लॉकमधलं काम कसं असतं ते एकदा जवळून सांगतो. लॉकची रुंदी २४.४ मीटर. सीवेत चालणारं जहाज जास्तीत जास्त २३.८ मीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना मिळून साठ सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला वीतभरापेक्षा थोडी जास्त जागा. ब्रिजच्या (जिथून जहाज चालवतात त्या खोलीच्या) विंगवरून खाली पाहिलंस तर जहाज आणि काँक्रीटची भिंत यांच्या मधे काळ्या पाण्याची नुसती पट्टी दिसते. एसटीचा ड्रायव्हर जुन्या पेठेच्या बोळात गाडी घालतो तसा पायलट दोनशे मीटरचं जहाज त्यात घालतो, फरक इतकाच की याला ब्रेक नाहीत. पुढे कुठपर्यंत यायचं ते भिंतीवरच्या 'लिमिट ऑफ अप्रोच'च्या पाट्या सांगतात. दार बंद झालं की गुरुत्वाकर्षणानेच पाणी भरतं, पंप नाहीत. नऊ कोटी लिटरच्या आसपास पाणी सात ते दहा मिनिटांत आत येतं, जहाज लिफ्टसारखं वर चढतं. आत शिरण्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण पाऊण तास धर.

पूर्वी या वेळात चार-चार वायर सांभाळायला लागायच्या, पाणी चढेल तशा विंचवर घ्यायच्या. आता बहुतेक लॉकमध्ये भिंतीवरच्या व्हॅक्यूम पॅडने जहाज धरून ठेवतात. त्यामुळे माणसं कमी लागतात. पण दोर तयार ठेवणं सुटलेलं नाही, आणि लॉकच्या आधीच्या भिंतीला थांबायची वेळ आली तर लँडिंग बूम वापरावा लागतो. बूमला लावलेल्या दोराच्या फळीवर बसून खलाशाला जहाजाच्या बाजूने भिंतीवर उतरवतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा श्वास अडकेल. त्या वेळी डेकवर तू असलास तर नजर माणसावर ठेव, फोनवर किंवा पायलटच्या गप्पांवर नको. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत, स्नॅप-बॅकच्या पट्ट्यात (दोर तुटला तर जिथे सपकन उलटतो तिथे), कोणीही उभं राहणार नाही हे पाहणं तुझंच काम. दमलेला माणूस सगळ्यात आधी हीच जागा विसरतो.

आता झोप. एमएलसीचा, म्हणजे खलाशांच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम तुला परीक्षेत पाठ होता: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत ७७. ही विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक निदान सहा तासांचा. लेक्सच्या फेरीत हा सहा तासांचा तुकडा वाचवणं म्हणजेच नियोजन. माझी पद्धत अशी असायची: लेझस्कुमँ येण्याच्या आदल्या दिवसापासूनच नेहमीचे चार-आठचे वॉच बंद आणि सहा-सहा तासांच्या दोन टोळ्या. प्रत्येक टोळीत एक ऑफिसर पुढे, एक मागे किंवा ब्रिजवर, आणि मोजके खलाशी. दुसरी टोळी झोपेत असताना तिला उठवायचं नाही, लॉक आला तरी नाही. हे जमतं ते जादा ऑफिसर असला तरच. तो नसेल तर चीफ ऑफिसर आणि सेकंड ऑफिसर यांच्यावर ताण येतो आणि थोड्या वेळात तो तुझ्यापर्यंत पोचतो.

तुझ्या बाजूने तू तीन गोष्टी करू शकतोस. टोळी सुटली की आधी जेवण आणि लगेच केबिन, मेस-रूममध्ये बसायचं नाही. विश्रांतीचे तास खरे लिहायचे. "सगळे असंच लिहितात" म्हणत कागदावर दहा तास दाखवले, की उद्या काही घडलं तर त्या खोट्या कागदावर सही तुझी असते. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही: नदीत आणि कालव्यात मोबाइलला दणदणीत रेंज येते. अटलांटिकमध्ये आठ-दहा दिवस आई-बाबांचा चेहरा न पाहिलेला पोरगा रेंज आली की दोन तास व्हिडिओ कॉलवर बसतो. नोव्हेंबरात मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तू रात्री साडेबाराला वॉचवरून सुटलास की घरी सकाळचे अकरा, सगळे जागे, सगळे बोलायला उत्सुक. घरी आधीच सांगून ठेव की पाच मिनिटं बोलेन. माझ्या पाहण्यात या फेरीत झोपेची चोरी वायरींनी कमी आणि फोनने जास्त केली.

झोपेवर एवढं बोललो कारण बाकीची सगळी कामं तिच्यावर उभी आहेत. आता ती कामं.

पहिलं, ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते. सीवेत कमाल ड्राफ्ट ८.०८ मीटर धरतात, आणि तो गोड्या पाण्यातला. समुद्रात खारं पाणी जास्त जड असतं, म्हणून जहाज कमी बुडतं. तिथे ७.९० असलेलं जहाज नदीत आल्यावर अठराएक सेंटिमीटर खाली जाऊन ८.०८ होतं. अशा जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस टनांच्या वर माल. म्हणजे या अठरा सेंटिमीटरच्या मागे सातशे-आठशे टन लपलेले असतात, आणि ते अँटवर्पला भरतानाच हिशेबात घ्यावे लागतात. ट्रिमही (पुढची-मागची पातळी) सरळ हवं, कारण मागचा भाग पाच सेंटिमीटर खाली असेल तर तोच मोजला जातो. चीफ ऑफिसर हिशेब करेल, पण ड्राफ्ट वाचायला तुला पाठवेल. लाटेच्या वर-खालची सरासरी काढायची घाई करू नकोस, निदान चार-पाच लाटा थांबून वाच. थंडर बेला हेच उलट चालतं: ८.०८ होईपर्यंत भरायचं, आणि जहाजाची पोटं अर्धीच भरली तरी निघायचं. उरलेला माल खाली बे-कोमो, पोर्ट-कार्टिए किंवा क्यूबेकला, पाणी खोल असतं तिथे चढवतात. आपलं जहाज असं अर्धवट भरून का निघालं असा प्रश्न तुला पडेल, त्याचं उत्तर हे. मोठी कंटेनर जहाजं शिकागोला का दिसत नाहीत त्याचं उत्तरही हेच, १९५९ मध्ये उघडलेल्या या लॉकांच्या मापाबाहेर ती कधीच गेलीत.

दुसरं, बॅलास्ट, म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून टाक्यांत घेतलेलं पाणी. तुम्ही माल भरून जाणार, त्यामुळे "बॅलास्ट नाही" असं वाटेल. पण प्रत्येक रिकाम्या टाकीच्या तळाशी थोडं पाणी आणि गाळ राहतो, आणि याच वाटेने परदेशी जीव या सरोवरांत पोचले. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले आणि पुढे त्यांनी पाणीपुरवठ्याचे पाइप बुजवायला सुरुवात केली. म्हणून आता किनाऱ्यापासून २०० मैलांच्या पलीकडे, भर समुद्रात, रिकाम्या टाक्याही खाऱ्या पाण्याने धुवाव्या लागतात. क्षारता हजारी किमान ३० लागते, आणि आत शिरताना तपासनीस टाकीतलं पाणी काढून स्वतः रिफ्रॅक्टोमीटरने बघतात. लॉगमधली वेळ आणि पोझिशन जुळत नसेल तर खुलासा करायला तासन् तास जातात आणि ते तास पुन्हा कोणाच्या तरी झोपेतून जातात. या नोंदी अनेकदा थर्ड ऑफिसरच ठेवतो. धुताना रोजच्या रोज लिही, नंतर आठवून लिहू नकोस.

तिसरं, आणि हे तुझं खातं आहे: लाइफ-सेव्हिंग आणि फायर-फायटिंग. ही सामग्री तुझ्या चार्जमध्ये असणार, आणि नोव्हेंबरअखेर लेक सुपीरियरवर रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. डेकवरची फायर लाइन वापर नसताना पूर्ण ड्रेन कर आणि हायड्रंट उघडे ठेव, नाहीतर पाइप फुटतो. नुसता व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे झालं नाही, सगळ्यात खालच्या ड्रेन प्लगमधून शेवटचं पाणी निघालं का ते बघ. पाणी आणि फोमची एक्स्टिंग्विशर उघड्यावर असतील तर आत हलव आणि हलवल्याची नोंद कर. लाइफबोटच्या इंजिनच्या कूलिंगमध्ये अँटीफ्रीझ किती आहे ते अँटवर्पलाच तपास. बोटीच्या डेव्हिटवर (ती उतरवणाऱ्या हातांवर), हुकवर बर्फ चढू देऊ नकोस. साउंडिंग पाइपच्या (यातून टाकीतलं पाणी मोजतात) तोंडाशी बर्फ बसला की टाकी रिकामी असल्याचा भास होतो. टाकीत पाणी असूनही साउंडिंग शून्य आलं तर आधी पाइप मोकळा आहे का ते बघ. पायलटची शिडी बाहेर लटकवून ठेवली तर पायऱ्यांवर तुषारांचं काचेसारखं बर्फ साचतं. पायलट येण्याच्या आधी वेळ राखून शिडी उतरव, पायऱ्या मीठ टाकून किंवा ठोकून साफ कर.

हवामानावर थोडं. सरोवर म्हटलं की तळं आठवतं आणि माणूस गाफील होतो. सुपीरियर आणि मिशिगनवर नोव्हेंबरात वादळं पटकन उठतात आणि गोड्या पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते. अटलांटिकच्या लांब लाटेवर बसलेलं जहाज इथे धडाधड आपटतं. १९१३ च्या नोव्हेंबरातल्या वादळात अडीचशेहून जास्त खलाशी गेले. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे लोखंडाच्या खनिजाचं जहाज व्हाइटफिश बेच्या जवळ आलं असताना २९ माणसांसह बुडालं. कॅप्टनने एखाद्या बेटाच्या किंवा बेच्या आडोशाला नांगर टाकला आणि दिवस गेला, तर कुरकुर न करता झोपून घे. वारा असताना डेकवर तुषार उडतात, ते लगेच गोठतात, आणि उंचावर साचलेलं बर्फ जहाजाची स्थिरता खातं. पुढे डिसेंबर लांबला तर सीवे बंद व्हायची तारीख पाठीवर बसते, पण तुमच्या वेळापत्रकात ती अडचण दिसत नाही.

छोट्या गोष्टी भराभर. सरोवरांवर अंतर जमिनीच्या मैलात सांगतात, नॉटिकलमध्ये नाही, म्हणून पायलट "दहा मैल" म्हणाला तर पुन्हा विचार. क्यूबेकच्या भागात पायलट आपापसात फ्रेंचमध्ये बोलतात, ब्रिजवरची आज्ञा मात्र इंग्रजीतच येते. ती मोठ्याने पुन्हा म्हण आणि रडरचा काटा डोळ्याने बघ. प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या जहाजाला पुढे जाण्याचा हक्क असतो, व्हीएचएफवर कोण वर जातंय आणि कोण खाली येतंय याकडे कान ठेव. वेलंडवर उचलले जाणारे पूल आहेत. २००१ मध्ये ॲलनबर्गला विंडॉक नावाच्या जहाजावर पूल खाली आला होता, जहाजाचं व्हीलहाउसच चिरडलं. म्हणून पूल पूर्ण वर गेल्याची खात्री पायलटबरोबर तूही करायचीस.

आता नाही म्हणायचं का? मी म्हणेन, जा. चॅनलमध्ये जहाज हाकणं, बँक इफेक्ट (काठाजवळ जहाज ओढलं जाणं), स्क्वॉट (उथळ पाण्यात वेगामुळे जहाज खाली बसणं), गोड्या पाण्याचा ड्राफ्ट, बर्फ, पायलटांची ये-जा हे सगळं एका फेरीत इतर कुठे मिळत नाही. पण होकार देण्याआधी कंपनीच्या क्रूइंग विभागाला एक साधा मेल टाक. या फेरीसाठी जादा ऑफिसर आणि जादा डेक क्रू आहे का, हे विचार. वॉच सहा-सहा चालणार की ऑल हँड्स, तेही विचार. नवीन माणसाने विचारू नये असं काही नाही, बऱ्या कंपनीचं उत्तर तयार असतं. उत्तर गोलमोल आलं आणि माणसं कायद्याने लागणाऱ्या किमान संख्येएवढीच असतील, तर त्या जहाजाबद्दल दोनदा विचार कर आणि पहिल्या जॉइनिंगला दुसरं जहाज माग, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेचा सी-वन/डी (खलाशांचा) व्हिसा नसेल तर तो मात्र आजच लाव, कारण स्नेल आणि आयझेनहॉवर अमेरिकेत आहेत आणि क्लीव्हलंडला खाली उतरायचंच असतं.

राहिले कपडे. आतून लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, दोन जोड, सुती अजिबात नको, घाम आला की तो अंगावर थंड होतो. लोकरी मोजे चार जोड. कान झाकणारी टोपी, हेल्मेटच्या आत मावेल अशी पातळ. हातमोजे दोन प्रकारचे: दोर आणि वायर हाताळायला चामड्याचे, रेडिओ आणि पेन धरायला पातळ लोकरीचे, आणि पातळ हातमोजे चामड्याच्या आत जातील इतपत साइझ मोठी घे. जाड जॅकेट, बॉयलरसूट आणि गम बूट कंपनी देते. ते तुझ्या मापाचे आहेत का, हे अँटवर्पला चढल्या दिवशीच चीफ ऑफिसरला विचार, मॉन्ट्रियल आल्यावर नाही.